उलटा आकडा

खुडबुडी लहान असताना तिने घरातल्या गजराच्या घड्याळाचा जीव घेतला, आणि जरा मोठी झाल्यावर तिनेच तो परत आणला. मधल्या काळात घड्याळाचे अवयव एका बरणीत पडून होते आणि तिचे बाबा वेळ विचारायला शेजारी जात होते. घरात कुठेही खुडबुड ऐकू आली की तिथे ती असणार हे ठरलेलं, म्हणून नावही तेच पडलं. खरं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर उरलं.

तिचे बाबा म्हणजे पाववाले. कोपऱ्यावर त्यांची बेकरी. पुढे दुकान, मागे भट्टी, आणि भट्टीच्या शेजारी पीठ मळायचं जुनं यंत्र. माणूस तोंडाचा फटकळ आणि आतून लोण्याचा गोळा, पण आतलं बाहेर कळू द्यायचं नाही असा त्यांचा बाणा होता. पोरगी इंजिनिअरिंगला गेली तेव्हा ते गिऱ्हाइकांना "जाते कुठेशी कॉलेजला" एवढंच सांगत, आणि गिऱ्हाईक पुढे काही विचारत नाही म्हणून मनातल्या मनात चडफडत.

पहिल्या वर्षी एकदा तिचा दुपारी फोन आला. आईला म्हणाली, माझा जॉब झाला, सरांनी पहिल्या फटक्यात पास केला. झालं. आईने दुकानातले ताजे बन उचलले आणि गल्लीभर वाटून आली. पोरीला नोकरी लागली, तीही शिकता शिकता. संध्याकाळी खुडबुडी घरी आली आणि तिने दप्तरातून लोखंडाचे दोन तुकडे काढून टेबलावर ठेवले. वर्कशॉपमध्ये घडवायला देतात त्या तुकड्यालाच जॉब म्हणतात, हे तेव्हा कळलं. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. पाववाल्यांनी मात्र ते तुकडे हातात घेतले. एकाला खाच होती, दुसऱ्याला तिच्यात बसेल असा दाता. त्यांनी दाता खाचेत सरकवला आणि दिव्यासमोर धरला. फटीतून प्रकाशाचा केसदेखील येईना. कुठल्या मशीनने कापलं म्हणून त्यांनी विचारलं, तर म्हणाली, मशीन कसलं, कानशीने घासलं, हाताने. त्यांनी तिचे तळवे बघितले. फोड आले होते. "बन मात्र फुकट गेले," एवढंच ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून तो जॉब दुकानात, सगळ्यांना दिसेल अशा जागी विराजमान झाला.

तिसऱ्या वर्षी यंत्राचा आकडा तुटला.

आकडा म्हणजे यंत्राच्या डोक्यातून खाली भांड्यात उतरणारी जाड पोलादी सळई, बुचाच्या स्क्रूसारखी पिळलेली. ती गरगर फिरते आणि पीठ खाली ओढून मळते. ती मानेपाशी कटकन मोडली. यंत्राची कंपनी केव्हाच बंद पडलेली, तो भाग कुठे मिळेना, आणि नवं यंत्र घ्यायचं तर आधी बेकरी विकावी लागली असती. हाताने मळावं म्हटलं तर पाववाल्यांचा उजवा खांदा गेलेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की या हाताने पुन्हा पीठ मळलंत तर पुढे शर्टसुद्धा दुसऱ्याने घालून द्यावा लागेल.

तेव्हा मेहुणा धावून आला. बायकोचा हा धाकटा भाऊ मोठ्या ब्रेड कारखान्याचा मालक होता, आणि खरं सांगायचं तर मनाने वाईट नव्हता. तो म्हणाला, दाजी, किती दिवस भट्टीपुढे भाजून घेणार? बेकरी मला द्या, मी तिथे माझं विक्रीचं दुकान काढतो, आणि तुम्ही माझ्या ऑफिसात खुर्चीवर बसा. काम काही नाही, नुसती देखरेख. तोवर दुकान रिकामं दिसू नये म्हणून त्याने आपल्या कारखान्याचा पिशवीबंद ब्रेड पाठवायला सुरुवात केली. जुनी गिऱ्हाइकं यायची, ब्रेड बोटाने दाबून बघायची, काही न बोलता घेऊन जायची. त्या न बोलण्याने पाववाले अर्धे झाले.

बेकरी जाईल याचं दुःख होतंच. पण खरी भीती निराळी होती, आणि ती त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. मेहुणा ज्याला देखरेख म्हणत होता ती जिथे करायची, ते ऑफिस त्यांनी पाहिलं होतं. खुर्ची होती, पंखा होता, चहा येत होता. सगळं होतं, फक्त हातांना काही नव्हतं. त्या खुर्चीत आपण बसल्या बसल्या संपून जाऊ असं त्यांना वाटे. मेहुणा रविवारी उत्तर ऐकायला येणार होता.

"आकडा मी करते," खुडबुडी म्हणाली.

पाववाले म्हणाले, हो तर, आणि मी चंद्रावर पाव विकतो. तिने ते कानावरच घेतलं नाही. तुटलेला आकडा कुठे आहे, एवढंच विचारलं. इथे पाववाल्यांची पंचाईत झाली, कारण मोडकं लोखंड डोळ्यांसमोर नको म्हणून त्यांनी तो जुन्या ट्रेंबरोबर भंगारात देऊन टाकला होता. आईने त्यावर त्यांची जी हजेरी घेतली ती इथे सांगण्यात अर्थ नाही. भंगारवाल्याकडे माणूस पाठवला, तर सगळा माल वितळवायला रवाना झालेला. म्हणजे नमुनाच नाही.

खुडबुडीने यंत्राच्या डोक्यात अडकून राहिलेला मानेचा तुकडा ठोकून काढला. त्यावरून जाडी कळली, खिळ्याचं भोक कळलं. पिळाचं काय? मग तिला आठवलं की कॉलेजात प्रवेश मिळाला त्या दिवशी तिने बाबांबरोबर एक सेल्फी काढला होता. बाबांच्या मिशीला पीठ, बाह्या दुमडलेल्या, तोंडावर "पुरे झालं तुझं" असा भाव, आणि दोघांच्या मधोमध, मागे, उघडं भांडं आणि त्याच्यावर लटकलेला आकडा. भांडं तर समोरच होतं, त्याचं माप घेता येत होतं. फोटोत भांडं केवढं आणि आकडा केवढा हे ताडून तिने सगळी मापं काढली. जाड तारेचा एक आकडा वाकवून भांड्यात हाताने फिरवून पाहिला. कुठे घासतो, कुठे फार लांब राहतो, ते बघत पुन्हा वाकवला. पाववाले पलीकडे टोस्टच्या बरण्या पुसल्यासारखं करत सगळं पाहत होते.

दोन दिवसांनी आईने डबा देऊन त्यांना वर्कशॉपला पिटाळलं. पोरीला जेवायची शुद्ध राहत नाही, म्हणाली. पाववाले कॉलेजच्या त्या भागात पहिल्यांदाच जात होते. दारातच वर्कशॉपचे सर उभे होते. त्यांच्या हातात कायम काटकोन तपासायचा गुण्या असे, म्हणून पोरं त्यांना गुण्या म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. पाववाल्यांनी भीत भीत विचारलं की मुलगी उगाच तुमची साधनं अडवून तर बसली नाही ना? सर म्हणाले, "अहो, तिच्यामुळे माझं दोन पोरांना कानस कशी धरायची ते शिकवायचं वाचलं. तिच्याकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, तिथे बघा." मग आवाज खाली आणून म्हणाले की तिला हे सांगू नका, डोक्यात जाईल. पाववाल्यांना हा माणूस फार आवडला, कारण ते स्वतः असेच होते.

आत खुडबुडी भट्टीपाशी होती. अंगठ्याएवढी जाड स्टीलची सळई निखाऱ्यात लाल होत होती, लालाची नारिंगी होत होती. ती घाई करत नव्हती. रंग मनासारखा झाल्यावर तिने सळई सांडशीने उचलली, शिकंज्यात धरली आणि पाइपाच्या एका जाड तुकड्याभोवती वळवायला सुरुवात केली. चार वाक, की थांबली. तारेचा नमुना शेजारी धरला, डोळा बारीक केला, आणि सळई परत निखाऱ्यात. थंड लोखंडावर तिने एकदाही जोर केला नाही. पाववाल्यांना आपल्या हाताखाली येऊन गेलेले कितीतरी धटिंगण आठवले, जे न फुगलेल्या पिठाशी कुस्ती खेळत. ही पोरगी वाट बघत होती. वाट बघणं कोणी शिकवून येत नाही असं त्यांचं मत होतं, आणि ते मत बहुतेक बरोबर असावं.

मग तिने वरचं टोक लेथवर लावून मानेच्या मापाचं केलं. एकेक पापुद्रा काढायची, मशीन थांबवायची, मापून बघायची, पुन्हा एक पापुद्रा. शेवटी कानस घेतली. एक पाय पुढे, एक मागे. दातांत लोखंडाचा भुसा अडकू नये म्हणून कानशीला खडू फासला. जोर दंडातून नव्हता, कमरेतून होता. पुढे जाताना कानस चावायची, मागे येताना ती अलगद उचलायची. पाववाल्यांना एकदम ओळख पटली. ते स्वतः असेच मळत, सगळं अंग पुढे टाकून, आणि परत येताना हात नुसते सोबत आणून. खांदा गेल्यापासून त्यांना कोणी असं काम करताना दिसलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी भुशाच्या नावाने रुमाल काढला.

संध्याकाळी आकडा चकचकीत होऊन त्यांच्या हातात आला. वजन बरोबर, गुळगुळीतपणा जुन्याहून सरस. पण हातात धरल्या धरल्या त्यांना काहीतरी विचित्र वाटलं. अंधारात चप्पल घालावी आणि डावी उजव्या पायात जावी, तसं काहीसं. त्यांनी आकडा फिरवून पाहिला. काय खटकतंय ते सांगता येईना. मग मनाशी म्हणाले, एवढी शिकलेली मुलगी, एवढी मापं घेतलेली, आपण काय त्यात नाक खुपसायचं? "झकास झालाय," ते म्हणाले. मुलीचं कौतुक त्यांनी तोंडावर पहिल्यांदाच केलं, आणि तेही नेमकं नको तिथे.

रविवारी सकाळी मेहुणा आला. खुडबुडीने आकडा बसवला, खिळा ठोकला, भांड्यात पीठ, पाणी, मीठ, यीस्ट पडलं. पाववाल्यांनी बटण दाबलं.

पहिल्यांदा सगळं छान चाललं. पीठ ओलं झालं, गोळा जमू लागला. मग गोळ्याने आकड्याला मिठी मारली आणि तो वर चढायला लागला. भांड्यात राहायचं सोडून तो पिळावरून वर, आणखी वर, यंत्राच्या डोक्यापर्यंत गेला, तिथे थबथब आपटू लागला आणि त्याचे तुकडे उडून भिंतीवर, मेहुण्याच्या इस्त्रीच्या शर्टावर बसले. पाववाल्यांनी बटण बंद केलं. वर लटकलेल्या गोळ्यातून पिठाची एक लांब लोळी खाली आली आणि भांड्यात पडली.

मेहुणा हसला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. शर्ट झटकत म्हणाला, "पोरीने कष्ट खूप घेतले, दाजी. पण हे कारखान्यात होणारं काम आहे. आता मनाला लावून घेऊ नका."

पाववाल्यांनी खांदे पाडले. त्यांच्या मनात उत्तर तयार झालं होतं. फक्त पोरीसमोर ते म्हणायचं नव्हतं, म्हणून ते तिला हात धुवून ये म्हणाले.

ती हलली नाही. ती रडतही नव्हती. वर चढलेल्या गोळ्याकडे ती अशी बघत होती की जणू तो काहीतरी सांगतोय आणि हिला नीट ऐकू येत नाहीये. आकड्याच्या पिळावरून तिने बोट फिरवलं, वरून खाली, मग खालून वर. फोन काढला, तो सेल्फी मोठा करून पाहिला, आणि मग फोटोकडे न बघता बाबांकडे बघायला लागली.

"बाबा, तुमचा भाजल्याचा डाग कुठल्या हातावर आहे?"

हा काय प्रश्न झाला, असं पाववाल्यांना वाटलं. डावा हात त्यांनी पुढे केला. मनगटाच्या वर, भट्टीच्या दाराने दिलेला लांबट डाग. अख्ख्या गल्लीला माहीत होता.

तिने फोन त्यांच्यासमोर धरला. फोटोतल्या पाववाल्यांच्या मिशीला पीठ होतं, बाह्या दुमडलेल्या होत्या, आणि डाग उजव्या हातावर होता.

"माझा फोन सेल्फी आरशासारखा उलटा साठवतो," ती म्हणाली. "मी आरशातला आकडा केला. माप सगळं बरोबर, फक्त पीळ उलटा. म्हणून हा पीठ खाली ओढायच्या ऐवजी वर ढकलतोय."

पाववाल्यांच्या तोंडून निघून गेलं की हातात घेतला तेव्हाच मला काहीतरी खटकलं होतं.

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढी शिकलेली. मी काय बोलणार?"

तिला राग आला, पण तो गिळून ती एवढंच म्हणाली, "आकडा वर्षानुवर्षं तुमच्या हातात होता, बाबा, माझ्या नाही. खटकलं तर बोलायचं असतं." पाववाल्यांनी मान खाली घातली. पोरगी आपल्यावर ओरडतेय आणि बरोबर ओरडतेय, याचं त्यांना वाईट वाटायला हवं होतं. वाटलं मात्र काहीतरी भलतंच, जवळजवळ आनंदासारखं.

मेहुणा म्हणाला, म्हणजे आता नवा करायचा, पुन्हा आठवडा गेला. खुडबुडी त्याच्याकडे बघतच नव्हती. यंत्राच्या मागे जाऊन तिने मेन स्विच पाडला, फ्यूज काढून खिशात टाकले, म्हणजे चुकूनही कोणी वीज चालू करायला नको. मोटारीचं झाकण उघडलं. आत तीन वायरी होत्या. टेस्टर लावून खात्री केली, आणि तीनपैकी दोन सोडवून एकमेकींच्या जागी घट्ट बसवल्या. झाकण लावलं. एवढंच. आई दारात उभी राहून पाहत होती. पाव भाजायला लागतो त्याच्या निम्म्या वेळात हे उरकलं.

"आकडा उलटा आहे ना?" ती मामाला म्हणाली. "मग यंत्रही उलटं फिरू दे."

पाववाल्यांनी आकड्यावरचा गोळा खरवडून भांड्यात घातला आणि बटण दाबलं. यंत्र गुरगुरलं आणि डावीकडून उजवीकडे जायचं ते उजवीकडून डावीकडे फिरू लागलं. पिठाने पुन्हा आकड्याला मिठी मारली. गोळा जरासा घुटमळला, आणि मग पिळावरून खाली घसरला, भांड्याच्या तळाला आपटला, वळला, पुन्हा ओढला गेला. थप, थप, थप. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. कितीतरी दिवसांनी घरी परत आला होता.

बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले. मग यंत्र थांबवून त्यांनी लिंबाएवढा गोळा तोडला आणि बोटांनी हळूहळू ताणला. पातळ झाला, आणखी पातळ झाला, शेवटी पडद्यासारखा झाला आणि त्यातून पलीकडची बोटं दिसायला लागली. फाटला नाही. पीठ जमलं होतं. त्यांनी तो पडदा मेहुण्यापुढे धरला. मेहुणाही शेवटी ब्रेडच्याच धंद्यातला. त्याने बघितलं, आणि त्याला काही सांगावं लागलं नाही. शर्टावरचं पीठ विसरून तो यंत्राभोवती एक फेरी मारून आला, आणि आमच्याकडचे इंजिनिअर एवढं करायला आधी मीटिंग घेतील म्हणाला.

खुडबुडी मात्र खूश नव्हती. तिचं म्हणणं, चूक माझी आणि वळण यंत्राला घ्यावं लागलं. परीक्षा झाली की मी सुलट्या पिळाचा आकडा करून देईन. यंत्रावर फिरण्याच्या दिशेचा जुना बाण रंगवलेला होता तो तिने खरवडायला घेतला, नाहीतर पुढे कोणी दुरुस्तीला आला तर फसेल. त्याच्या जागी तिने लाल रंगाने उलट्या दिशेचा बाण काढला. कडा सरळ यावी म्हणून आधी चिकटपट्टी लावली होती. पाववाले ते बघत उभे राहिले. आपली मुलगी हुशार आहे हे त्यांना माहीत होतं. ती चुकली की काय करते, हे त्यांनी आज पाहिलं. आणि दोन्हींत त्यांना दुसरं जास्त मोलाचं वाटलं. पण हे बोलायचं कसं ते त्यांना कधीच जमलं नव्हतं, आजही जमलं नाही. त्यांनी तिच्या गालावरचा रंग अंगठ्याने पुसला, तर तो गालभर फासला गेला.

"बाबा, हात पिठाचे आहेत तुमचे," ती म्हणाली.

"असू देत."

दुपार व्हायला आली. मेहुण्याला परत जायचं होतं. तो दाराशी जाऊन थांबला. तो ज्या कामासाठी आला होता ते अजून झालं नव्हतं, आणि ते विचारायला त्याला आता जरा अवघड वाटत होतं.

"मग दाजी, ऑफिसात खुर्ची ठेवलीय. काय करू तिचं?"

पाववाले भांड्यावर वाकले होते. डाव्या हाताने पीठ सोडवून उजव्या हातावर झेलत होते, खांदा न उचलता, जपून. गोळे सारखे होतायत का ते बघत होते. मान वर न करता म्हणाले, "दुसरं कोणी बघ बाबा. मला काम आहे."